अस्तराविना ब्लेझर : फॉर्मल आणि कॅज्युअल यांच्या मधल्या जागेसाठी

कार्यालयात काय घालावे याचे नियम सैल झाल्यावर कपड्यांची निवड सोपी होईल असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात ती अवघड झाली. सूट-टायचा नियम असेपर्यंत सकाळी कपाटासमोर उभे राहून विचार करावा लागत नसे. आता ‘बिझनेस कॅज्युअल’ एवढेच सांगितले जाते, आणि त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी नोकरदारावर, त्यातही नुकत्याच रुजू झालेल्या माणसावर, येऊन पडते. या मधल्या जागेसाठी म्हणून जे कपडे विकले जातात, त्यांत विणीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, अस्तर नसलेला ब्लेझर मला सर्वांत उपयोगी वाटला. मी तो बराच काळ नियमितपणे वापरत आले आहे आणि त्याच्या गुणांइतक्याच त्याच्या मर्यादाही आता मला नीट ठाऊक आहेत.

पारंपरिक कोटाचा रुबाब वरच्या कापडापेक्षा आत दडलेल्या थरांमुळे येतो. छातीच्या भागात घोड्याचे केस मिसळून विणलेले कॅनव्हास असते, खांद्यांत पॅड असतात आणि आतून पूर्ण अस्तर असते. स्वस्त कोटांत कॅनव्हासऐवजी बकरमसारखा थर गोंदाने चिकटवतात. काही धुलायांनंतर तो गोंद सुटला की छातीवर बारीक फुगे येतात आणि ते कितीही इस्त्री केली तरी बसत नाहीत. अस्तराविना ब्लेझरमध्ये हे थर जवळजवळ काढून टाकलेले असतात. ही कल्पना नवी नाही. इटलीतल्या नेपल्स शहरातल्या शिंप्यांनी १९३० च्या दशकातच हलका, मऊ खांद्याचा कोट शिवायला सुरुवात केली होती आणि १९७० च्या दशकात इटालियन फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी यांनी तसा सैल, मऊ कोट जगभर लोकप्रिय केला. नवे आहे ते कापड. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे घट्ट बसलेले असतात; या ब्लेझरच्या कापडात टाके एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यात बहुधा व्हिस्कोस, नायलॉन आणि थोडे इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखे ताणले जाणारे सूत, असते. त्यामुळे ते ताणले जाते, पुन्हा जागेवर येते आणि पिशवीत घडी करून नेले तरी सहसा चुरगळत नाही.

अंगात घातल्यावर पहिला फरक मुंड्यात जाणवतो. जाड कोट घालून टंकलेखनासाठी हात पुढे केले की पाठ आवळते आणि मागची कॉलर मानेपासून उचलली जाते. या ब्लेझरमध्ये पाठ हाताबरोबर सरकते आणि कॉलर मानेला टेकून राहते. तासन्‌तास मेजाशी बसणाऱ्यांसाठी एवढा एकच गुण खरेदीला पुरेसा आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणते. समोरच्या माणसाची नजर, विशेषतः व्हिडिओ कॉलवर, कॉलर, लॅपल (कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी) आणि खांदा एवढ्याच भागावर जाते. तेवढा भाग नीटनेटका राहिला तर आत साधा टी-शर्ट असला तरी पोशाख विचारपूर्वक केलेला दिसतो.

म्हणूनच या कपड्याची परीक्षा खांद्यावर करावी. पॅड नसल्यामुळे चूक झाकायला काहीच उरत नाही. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाखाली उतरली, तर सगळा ब्लेझर घरी घालायच्या स्वेटरसारखा दिसू लागतो. विकत घेण्यापूर्वी आतली बाजू उलटून पाहावी : शिवणींच्या कडा पट्टीने बांधलेल्या आहेत का, की नुसत्या ओव्हरलॉक करून सोडल्या आहेत? ब्लेझर खुर्चीच्या पाठीवर टाकला की आतली बाजू सर्वांना दिसते, आणि अस्तर नसल्यावर शिवणकामाचा दर्जा तिथेच उघडा पडतो. खिशांबद्दल माझी तक्रार ठाम आहे. स्त्रियांच्या ब्लेझरमध्ये अनेकदा खिशाची नुसती झडप असते आणि आत खिसाच नसतो. कार्यालयीन म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्यात ओळखपत्र आणि फोन ठेवायला जागा नसावी, हे मला अजिबात पटत नाही.

निगा राखणे सोपे आहे, पण निष्काळजीपणा चालत नाही. लेबलवर तशी सूचना असेल तर तो थंड पाण्यात धुता येतो, हा ड्राय क्लीनवर अवलंबून असलेल्या कोटापेक्षा मोठा फायदा आहे. मात्र तो आडवा पसरून वाळवावा, कारण ओले विणीचे कापड स्वतःच्या वजनाने लांबते. हँगर रुंद खांद्याचाच हवा. काखेत आणि पिशवीचा पट्टा घासतो तिथे कालांतराने कापडावर बारीक गोळे येतात आणि कोपरांवर कापड थोडे सैल पडते. गडद निळ्या रंगात हे कमी उठून दिसते. काळ्या रंगावर मात्र चिकटलेला प्रत्येक तंतू दिसतो.

हा कपडा सूटची जागा घेतो असे विक्रेते सांगतात, ते मला मान्य नाही. मोठ्या संस्थांनी नियम सैल केले हे खरे आहे. जीन्स बनवणाऱ्या लेव्हाय स्ट्रॉस कंपनीने १९९२ मध्ये कॅज्युअल पोशाखाची मार्गदर्शिका हजारो मनुष्यबळ व्यवस्थापकांकडे पाठवली, आणि गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेनेही २०१९ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांसाठी लवचीक पोशाखाचे धोरण स्वीकारले. परंतु त्या बँकेनेही ग्राहकाच्या अपेक्षेचे भान ठेवून पोशाख निवडावा, असेच सांगितले. न्यायालयात, औपचारिक मुलाखतीत किंवा समोरचे सर्वजण पूर्ण सूटमध्ये असतील अशा बैठकीत या ब्लेझरचा मऊ लॅपल अपुरा वाटतो. तिथे कॅनव्हासचा कोटच घालावा.

औपचारिक कपड्यांनी बुद्धी तल्लख होते, हा दावाही जाहिरातींत हिरिरीने केला जातो. त्याचे मूळ हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांच्या २०१२ च्या संशोधनात आहे. त्यात प्रयोगशाळेत घालतात तसा पांढरा कोट घातलेल्यांचे लक्ष अधिक एकाग्र झाल्याचे आढळले होते. पण त्यातला पहिला प्रयोग इतर संशोधकांनी पुन्हा केला तेव्हा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तो परिणाम दिसला नाही. त्यामुळे ब्लेझर घेताना आकलनशक्तीचे आश्वासन बाजूला ठेवावे आणि मापाकडे पाहावे.

मापाबाबत एक सूचना आवर्जून करते. कापड ताणले जाते म्हणून एक माप लहान घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. बटण लावल्यावर पोटापाशी आडव्या चुण्या पडत असतील तर काही महिन्यांत तिथले कापड कायमचे सैल पडते आणि बटणाची काजही ओढली जाते. बाही लांब असेल तर ती शिंप्याकडून कमी करून घेता येते, आणि अस्तर नसल्यामुळे ते काम सोपे असते. खांदा मात्र बदलून घेणे खर्चिक आणि बेभरवशाचे असते, म्हणून तो पहिल्याच दिवशी चोख बसत असेल तरच ब्लेझर घ्यावा.