बाबांचं ऑपरेशन झकास, पण फाइलीत डायबिटीस मामांचा

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, बाबांचं फॉलोअप अजून तिथेच चालू आहे आणि बडोद्याचं तुम्हाला माहितीच आहे, दांडिया बाजारात बोललेलं संध्याकाळपर्यंत मांजलपूरला पोचतं. मार्क देऊन टाकते आधी. ऑपरेशनला ५ पैकी साडेचार, नर्सिंगला ४, रेकॉर्डला २, आणि ते २ पण एमआरडीतल्या (मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंट) एका बेनमुळे, नाहीतर १.

बाबा ७१ वर्षांचे. बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही. पित्ताशयात खडे होते, पण गेल्या महिन्यात रात्री असं दुखायला लागलं की मी गोत्रीहून निघून पोचेपर्यंत शेजारी राहणाऱ्या मामांनी रिक्षातून नेऊन अ‍ॅडमिट पण केलं होतं. मामांचे उपकारच आहेत, पण पुढचा सगळा घोळ तिथेच झालाय.

सर्जन एकदम चांगले. सकाळच्या राउंडला सोनोग्राफी आणि बाकीचे रिपोर्ट बाबांच्याच हातात दिले, हा खडा, ही सुजलेली भिंत, असं दाखवलं आणि 'काका, बोला, काय विचारायचंय' म्हणून चक्क स्टूल ओढून बसले. दुर्बिणीतून करायचं ठरलं. पण आदल्या रात्री साडेदहाला वॉर्डबॉय फॉर्म घेऊन आला, 'काका, अहीं सही करी दो', आणि बाबा चष्मा शोधायला लागले तर म्हणे वाचायचं काही नाही, सगळ्यांचा हाच असतो. बाबा जन्मापासून बडोद्यात, गुजराती फडाफडा वाचतात, म्हणाले वाचल्याशिवाय नाही. वाचलं तर 'गरज पडल्यास पोट उघडून' असं लिहिलेलं. मग रेझिडेंट डॉक्टर आली, तिने समजावलं की सूज जास्त असली, सगळं चिकटलेलं असलं तर दुर्बिणीतून नीट दिसत नाही आणि मधेच ओपन करावं लागतं, म्हणून आधीच विचारून ठेवतात. पाच मिनिटांचं काम. तेच आधी सांगितलं असतं तर? सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच समीरा कोहली केसमध्ये सांगून ठेवलंय की तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, पण वॉर्डबॉयपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

ऑपरेशन मस्त झालं, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. सकाळी दहाला बॅगा भरून बसलो आणि बाराला टीपीए डेस्कवरून (हॉस्पिटलमधलं इन्शुरन्स क्लेमचं काउंटर) फोन, इन्शुरन्सवाल्यांनी क्वेरी काढली, पेशंटला पाच वर्षांपासून डायबिटीस आहे, पॉलिसी साडेतीन वर्षांपूर्वीची, तेव्हा का नाही सांगितलं. मी म्हणलं कोणाला डायबिटीस? बाबा रोज दुपारी श्रीखंड खातात! डिस्चार्ज समरी बघितली तर खरंच छापलेलं. मग उलगडा झाला. रात्री इमर्जन्सीत इंटर्नने विचारलं 'काका, डायाबिटीस छे?' आणि बाबा दुखण्याने कळवळत होते म्हणून उत्तर मामांनी दिलं, 'हां, पांच वरसथी'. स्वतःचा सांगितला! त्यांना वाटलं त्यांनाच विचारतायत.

बरं, माणसाकडून चूक होते, त्याबद्दल राग नाही. राग याचा की त्याच हॉस्पिटलच्या लॅबने ऑपरेशनआधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) केली होती, ५.६, म्हणजे चक्क नॉर्मल, आणि तीन दिवस रोज कोणीतरी ती फाइल उघडत होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणतो सिस्टिममध्ये फ्रीज झालं, आता बदलता येत नाही. कसं नाही येत, जुनी नोंद पुसायची नसतेच, ती राहते आणि डॉक्टर तारीख-सही करून खाली दुरुस्ती लिहितात, नवी समरी निघते. पण सर्जन ओटीत, त्यामुळे चारपर्यंत थांबलो. ते आले आणि दोन मिनिटांत करून दिलं, एचबीए१सीचा रिपोर्ट पण जोडून पाठवला, कॅशलेस पास.

(२०२४ पासून आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम असा आहे की सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की मग 'तुम्ही लपवलंत' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर वेगळं. आमची साडेतीनच, म्हणून एवढी धावपळ.)

घरी येऊन नवी समरी वाचली तर त्यात अ‍ॅलर्जीच्या पुढे एनकेडीए. शोधलं तर अर्थ, कुठल्याच औषधाची अ‍ॅलर्जी माहीत नाही. बाबांना सल्फाने अंगभर गांधी उठल्या होत्या एकदा, आईने हे अ‍ॅडमिट असताना तीनदा सांगितलंय! मग ठरवलं पूर्ण इनडोअर फाइलच मागायची. एमआरडीत पहिलं उत्तर, ती फक्त इन्शुरन्सला आणि पोलिसांना देतो. मी मोबाइलवर मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम दाखवले, पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचं. तिथल्या एका बेनने ते शांतपणे वाचलं, बाबांच्या सहीचं पत्र आणि आधारची कॉपी घेतली, पोच दिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झेरॉक्स हातात. ११८ पानं, झेरॉक्सचे पैसे वेगळे. त्यात नर्सिंगच्या कागदावर लाल पेनाने ठळक 'सल्फा' लिहिलेलं आणि समरीत एनकेडीए! आईचं ऐकलं होतं नर्सने, पण टाइप करणाऱ्याने तो कागद बघितलाच नाही.

ते पण दुरुस्त झालं, पण आभा (सरकारी डिजिटल हेल्थ खातं) अ‍ॅपमध्ये अजून पहिलीच समरी दिसतेय, डायबिटीसवाली. अ‍ॅडमिशनच्या वेळी आभाचा १४ आकडी नंबर दिला होता म्हणून ती लिंक झालीय. अ‍ॅपमध्ये आपण काही खोडू शकत नाही, रेकॉर्ड हॉस्पिटलच्याच सिस्टिममध्ये असतं, आपण संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला तिथूनच दिसतं, त्यामुळे नवी समरी हॉस्पिटलनेच चढवायला हवी. दोन मेल केलेत, 'नोंद घेतली आहे' एवढंच आलंय. तोवर कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की बाबा आधी कागदाची समरी पुढे करतात.

जाणार असाल तर, एमआरडी बेसमेंटमध्ये पार्किंगच्या बाजूला आहे, पाटी नाहीये, एक ते अडीच लंच. पेशंटच्या सहीचं पत्र घरूनच नेलं तर एक चक्कर वाचते. आणि इमर्जन्सीत मामा बरोबर असतील तर त्यांना बाहेर बसवा.