घरपोच बॅटरी आणि ‘क्लेमला’ नेलेली जुनी

घरी येऊन गाडीची बॅटरी बदलून देणारे सगळेच चोर नसतात, हे आधीच सांगून टाकतो. कंपन्यांचे खरे डीलर माणूस पाठवतात, अर्ध्या तासात काम होतं, पक्कं बिल मिळतं. आमच्याकडे आलेला इसम अशाच एका नावाजलेल्या कंपनीच्या नावाआडून आला होता. त्याने केलेली फसवणूक दुहेरी होती आणि तिचा मोठा भाग मला बऱ्याच उशिरा कळला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गणपतीला गावी रेल्वेने गेलो होतो. गाडी डोंबिवलीत सोसायटीच्या पार्किंगमध्येच होती. परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि विझले. फोनवरच्या नकाशात ‘जवळचा बॅटरीवाला’ शोधलं. कंपनीच्या नावाचा, तिच्याच रंगातला फलक असलेलं दुकान सगळ्यात वर दिसलं, भरपूर तारे, हजारभर शेरे. फोन उचलणारी मुलगी अगदी तयार होती. गाडी कोणती, साल कोणतं, पेट्रोल की डिझेल, सगळं विचारून तिने ३८०० रुपये सांगितले आणि जुनी बॅटरी परत दिल्यावरचा हा भाव आहे, असंही म्हणाली. बाजारात लहान हॅचबॅकच्या ३५ अँपिअर-तासांच्या (म्हणजे तेवढी वीज साठवणाऱ्या) बॅटरीचा भाव साधारण एवढाच असतो, त्यामुळे शंका यावी असं त्यात काही नव्हतं.

तासाभरात दुचाकीवरून पोरगा आला. कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायाशी गोणपाटात बॅटरी. बोनेट उघडून त्याने मीटर लावला. आकडा आला ११.४.

“काका, सेल शॉर्ट झालाय. ही गेली.”

“चार्जिंगला लावून बघू या का?”

“लावा ना, पण रात्रीत परत बसेल. मग रस्त्यात कुठे अडकलात तर मला बोलू नका.”

इथे थोडं थांबून हा आकडा समजून घ्या. गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. एक सेल खरोखर शॉर्ट झाला तर पूर्ण चार्ज करूनही बॅटरी साडेदहाच्या आसपास अडकते. ११.४ या आकड्यावरून बॅटरी रिकामी आहे एवढंच कळतं. मेली की नुसती उपाशी आहे, हे चार्ज करून, मग भार टाकून तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. खरा डीलर वॉरंटीचा दावा आला की नेमकं हेच करतो: आधी चार्जिंगला लावतो, मग मशीन लावतो.

पुढचा डाव तर फारच सफाईचा. पोराने विचारलं, जुनीचं वॉरंटी कार्ड आहे का? होतं, कप्प्यातच होतं. बॅटरी अजून मोफत बदलीच्या मुदतीत होती. म्हणाला, “मग तर तुमचा फायदाच आहे काका. नवी आत्ता पूर्ण किमतीला घ्या, जुनी मी क्लेमला लावतो. कंपनीकडून पैसे खात्यात येतील.” त्याने फोनवरून ‘ऑफिस’ला विचारलं, स्पीकर लावून. त्याच मुलीने सांगितलं, क्लेममध्ये १५०० नक्की बसतील. आणि साधी बॅटरी आता येत नाही, जास्त वॉरंटीवाली ५४०० ला आहे. यूपीआयवर दुकानाऐवजी कोणा माणसाचं नाव आलं, त्यावर उत्तर तयार होतं: “मालकांचं खातं आहे.” बिल व्हॉट्सअॅपवर येईल म्हणाला. जुनी बॅटरी आणि तिचं कार्ड घेऊन गडी गेला.

बिल आलं, पण कसलं! कच्च्या पावतीचा फोटो, जीएसटी क्रमांक नाही, त्यावर बॅटरीचा सीरियल नंबरही नाही. क्लेमबद्दल विचारलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’. मग फोन उचलणं बंद. दिवाळीच्या आधीच गाडी पुन्हा टक-टक करू लागली.

आमच्या नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने टर्मिनलवरचं ग्रीस फडक्याने पुसलं आणि हसायलाच लागला. नव्या बॅटरीचे दोन्ही खुंट गुळगुळीत असतात, त्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. या खुंटांवर पूर्वीच्या क्लॅम्पने चावल्याचे चरे होते, एकावर तर पान्याचा घाव. म्हणूनच त्या पोराने टोप्या काढल्याचं नाटकही न करता आधी ग्रीसचा थर थापला होता. इलेक्ट्रिशियनने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला, तर खाली वेगळ्या रंगाचं जुनं स्टिकर, अर्धवट खरवडलेलं. आणि झाकणावर जिथे तारखेचा सांकेतिक ठसा असतो, तिथे कानस फिरवलेली. बोट फिरवलं तरी खरखर लागत होती. रात्रभर चार्ज करून त्याने लोड टेस्टर लावला. भार टाकल्यावर चांगली बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या वर तग धरते, हिचा काटा थेट आठच्या खाली कोसळला. कोणाची तरी टाकलेली बॅटरी धुऊन-पुसून, नवं स्टिकर मारून माझ्या माथी मारली होती.

हा झाला पहिला भाग. दुसरा इलेक्ट्रिशियनने गाडी तपासताना उघड झाला. डॅशकॅम, म्हणजे रस्ता टिपणारा कॅमेरा, सतत वीज मिळेल असा जोडलेला आहे, गाडी बंद असली तरी तो चालू राहतो. मीटर लावल्यावर पाव अँपिअर खेचताना दिसला. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला पाव अँपिअर म्हणजे १४० तास, सहा दिवसांत खडखडाट. “तुमच्या जुन्या बॅटरीला काही धाड भरलेली नव्हती दादा,” तो म्हणाला, “मी ती रात्रभर लावून दिली असती तर पन्नास-शंभर रुपयांत काम होतं.” म्हणजे माझी धडधाकट बॅटरी, तीही वॉरंटी कार्डासकट, त्या पोराने उचलून नेली होती. त्याने ती पुढे कोणाला विकली की दुसरीकडे कुठे वापरली, कळायला मार्ग नाही. पण त्याला खरी कमाई जुन्या बॅटरीतूनच होत असणार, याबद्दल मला आता शंका नाही. रिकामी पण निरोगी बॅटरी फुकट मिळते, मेलेली ५४०० ला खपते. याहून बरा धंदा कुठला!

म्हणून माझं सांगणं जुन्या बॅटरीबद्दलच जास्त आहे. आधी ती कोणाकडून तरी चार्ज करून घ्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन गाडी सुरू करा आणि इंजिन चालू असताना मीटर लावा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, ठीक आहे. वॉरंटीत असेल तर बॅटरी तुम्ही स्वतः डीलरच्या दुकानात न्या, कार्डावरचा नंबर आणि बॅटरीवरचा नंबर जुळतो का ते तिथे दाखवा. क्लेम ‘लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती कार्ड देऊ नका. आणि खरोखर मेलेली असली तरी ती फुकट जात नाही. त्यात शिसं असतं, दुकानदार तिचे पैसे नव्या किमतीतून वळते करतो, ते बिलावर वेगळे लिहून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा खऱ्या डीलरला जुनी बॅटरी बिलात दाखवायला अडचण नसते. आढेवेढे घेतले की समजा.

नवी घेताना खुंटांवरच्या टोप्या तुमच्यासमोर काढायला सांगा, तारखेचा ठसा आणि सीरियल नंबर यांचे फोटो काढा आणि वॉरंटीची नोंद कंपनीच्या संकेतस्थळावर माणूस दारात असतानाच करा. नंबर खोटा असेल तर तिथेच अडतो. फोन नंबर मात्र नकाशावरून नको, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या डीलरच्या यादीतून घ्या. हे मी कंपनीच्या ग्राहक सेवेशी बोललो तेव्हा कळलं. त्या नावाचं दुकान त्यांच्या यादीत नाहीच, आणि माझ्या बॅटरीवरच्या स्टिकरचा नंबर त्यांच्या नोंदीत ट्रॅक्टरच्या बॅटरीचा निघाला. माझी जुनी बॅटरी क्लेमला आलेलीच नव्हती.

यूपीआयने पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर, लगेच फोन करा. तिथे वेळेला फार महत्त्व आहे, पैसे खात्यातून पुढे सरकले की हाती लागणं कठीण. माझ्या बाबतीत उशीर झालाच होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. पावतीचा फोटो, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं संभाषण आणि इलेक्ट्रिशियनने लिहून दिलेला तपासणीचा कागद जोडला. पोलिसांनीही अर्ज घेतलाय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तोही रस्ता मोकळा ठेवलाय. मात्र त्यासाठी समोरच्याचा पत्ता लागतो, आणि नकाशावर दाखवलेल्या ठिकाणी गेलो तर तिथे पिठाची गिरणी निघाली. गिरणीवाला म्हणाला, बॅटरीवाल्याला शोधत आलेले तुम्ही पहिले नाही.

गाडीत आता बाजारातल्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेली बॅटरी आहे. ती बनावट मात्र पुरावा म्हणून गॅलरीत प्लॅस्टिकच्या घमेल्यात उभी ठेवलीये, आडवी झाली तर आम्ल गळेल म्हणून. भंगारात टाका, असा घरातून रोज तगादा आहे; तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ती तिथून हलणार नाही.