संस्कृत बौद्ध पठणाची ध्वनिमुद्रणे : 9 महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या दापोडीच्या घरी रोज संध्याकाळी पाली वंदना होते, त्यामुळे ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे शब्द समज येण्याआधीपासून माझ्या कानांवर आहेत. गेल्या जूनमध्ये मोबाइलवर संस्कृतातील बौद्ध पठण प्रथमच लावले, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारले, “अगं, ‘स’चा ‘श’ कसा झाला?” पालीत एकच ‘स’ आहे आणि संस्कृतातले श, ष, स तिन्ही तिथे ‘स’ होतात, हे उत्तर मला चार दिवसांनी सापडले. शाळेत मी संस्कृत घेतले नव्हते; ते शिकण्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

तेव्हापासून दापोडी ते स्वारगेट या मेट्रोच्या प्रवासात मी मुख्यतः दोन ध्वनिमुद्रणे ऐकते : ‘प्रज्ञापारमिताहृदयसूत्र’ आणि बौद्ध भिक्षू शांतिदेवांच्या आठव्या शतकातील ‘बोधिचर्यावतारा’तले निवडक श्लोक. नवशिक्याने हृदयसूत्रापासून सुरुवात करावी. ते लहान आहे, गद्यात आहे, तेच शब्द त्यात पुन्हापुन्हा येतात, आणि ‘शून्यतैव’ म्हणजे ‘शून्यता एव’ हे ऐकून ऐकून कानालाच उलगडते. संधीचा नियम मला पुस्तकात नंतर भेटला.

श्लोकांच्या ध्वनिमुद्रणाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. गायकाने चालीसाठी ऱ्हस्व स्वर सर्रास लांबवले आहेत. ‘क्षणसंपदियं सुदुर्लभा’ हा चरण मी दोन महिने ‘सूदुर्लभा’ असाच म्हणत होते. शेजारच्या निवृत्त संस्कृत शिक्षिका बाईंनी तो ऐकला आणि शांतपणे लघु-गुरू मांडून दाखवले : हे वियोगिनी वृत्त आहे, कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील अजविलापाचे (राजा अजाने पत्नी इंदुमतीसाठी केलेल्या शोकाचे), आणि ‘सु’ दीर्घ केला की ते मोडते. दुर्मीळ मनुष्यजन्माचा श्लोक आणि इंदुमतीसाठीचा शोक एकाच लयीत आहेत, हे समजल्यावर मी तो चरण कित्येक दिवस मनात घोळवत होते. तेव्हापासून ध्वनिमुद्रणावर विसंबून मी काहीही पाठ करत नाही. पुण्याच्या प. ल. वैद्यांनी संपादित केलेली, दरभंग्याहून 1960 मध्ये निघालेली नागरी आवृत्ती समोर ठेवते, आधी वृत्त तपासते आणि मगच ऐकते. आपट्यांचा संस्कृत कोश अप्पा बळवंत चौकातून आणला, तोही लागतोच.

‘प्रज्ञा’च्या उच्चाराचेही लक्षात ठेवावे. आपण ‘द्न्य’ म्हणतो, गायक ‘ग्य’ म्हणतो, आणि मूळ अक्षर ज् व ञ यांचे आहे.

एवढे करूनही ही ध्वनिमुद्रणे मी सोडणार नाही, याचे कारण ‘बोधिचर्यावतारा’च्या दहाव्या परिच्छेदातली, म्हणजे प्रकरणातली, एक ओळ आहे : ‘तावन्मम स्थितिर्भूयाज्जगद्दुःखानि निघ्नतः’. ‘निघ्नतः’ हे षष्ठीचे रूप आहे आणि ते चार शब्द मागच्या ‘मम’शी जोडलेले आहे, हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी सगळी ओळ एकदम उभी राहिली : जगाची दुःखे नाहीशी करत असलेल्या माझे राहणे तोवर (आधीच्या ओळीप्रमाणे, आकाश आणि जग असेपर्यंत) असो. ‘भूयात्’ हा आशीर्लिङ्, म्हणजे नुसते विधान नव्हे, मागणे आहे.

अर्थ सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “जगाचं दुःख असेपर्यंत राहायचं, म्हणजे निब्बाण नको म्हणतात का ते?” मला उत्तर देता आले नाही. आता पहिल्या परिच्छेदापासून आम्ही दोघी मिळून वाचतो आहोत. वंदना झाली की रोज दोन श्लोक.