दुकानातला कॅमेरा: डीव्हीआर की क्लाउड?

डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा, गल्ल्याखाली धूळ खात पडलेला डबा. चित्रण दुकानातच राहतं. पण चोराने डबाच उचलला तर पुरावाही गेला. मोबाइलवर बघता यावं म्हणून नेटला जोडला आणि पासवर्ड मात्र कंपनीने दिलेलाच ठेवला, तर आणखी घोळ. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने असेच कॅमेरे नि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले होते.

क्लाउडमध्ये चित्रण नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठतं. डबा चोरीला जायची भीती नाही, महिन्याचं भाडं तेवढं सुरू. खरी मेख कंपनीशी होणाऱ्या करारात आहे. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात चित्रण सुरक्षित ठेवायची जबाबदारी दुकानदाराची. सेवा देणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवून सुटका नाही. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत!

एकच दुकान असेल तर मी डीव्हीआरच सांगेन, कुलपात ठेवून, पासवर्ड बदलून. चार शाखा असतील तर क्लाउड, पण करार वाचून.