गट खरा, सातबारा खरा, रान मात्र दुसरं

मृग लागायच्या आत पाळी घालून घ्यावी म्हणून मी भाड्याचा ट्रॅक्टर सांगितला होता. चार-पाच तासं ओढून झाली असतील, तेवढ्यात धुऱ्यावरून एक माणूस हात वर करत पळत आला आणि ट्रॅक्टरच्या पुढंच उभा राहिला. "कुणाच्या सांगण्यावरून घातला ट्रॅक्टर?" मी म्हणालो, रान माझं आहे, गेल्या महिन्यात खरेदी झाली. तो म्हणाला, "हे रान मी चार वर्षांपासून बटईनं करतो. मालक पुण्याला असतो. त्यानं काही विकलेलं नाही."

मी गाडीच्या डिकीतून कागद काढले. सातबारा, आठ अ, खरेदीखत, सूची क्रमांक 2. त्यानं खरेदीखतातला गट नंबर बघितला, थोडा वेळ गप्प राहिला आणि पाणंदीच्या पुढच्या टोकाकडं बोट केलं. "हा गट तिकडं आहे. उताराच्या खाली, नाल्याच्या अंगाला."

अक्षय्य तृतीयेला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ज्या मातीत नारळ फोडला होता ती माती आमची नव्हती. ते त्या दिवशी माझ्यासोबतच होते. ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊन परत पाठवला आणि आम्ही दोघं पाणंदीनं पुढं चालत गेलो. दादा वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

हे घडलं बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगररांगेत. बायकोचं माहेर त्याच भागातलं, त्यामुळं मध्यस्थ मला पहिल्या दिवसापासून 'दाजी' म्हणायचा. दादांचे निवृत्तीचे पैसे आले होते. 2 एकर घ्यायची होती, रस्त्याजवळ, काळी आणि सपाट. तशीच त्यानं दाखवली. भाव ठरला एकरी 11 लाख. सातबाऱ्यावर क्षेत्र होतं 81 आर, म्हणजे 2 एकर. 1 एकर म्हणजे 40 गुंठे, आणि हेक्टर-आरच्या हिशोबात साधारण साडेचाळीस आर. तिथं गडबड नव्हती. विकणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव सातबाऱ्यावर होतं, बोजा नव्हता, फेरफार व्यवस्थित होता, वर्ग 1 ची, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन होती. एका ओळखीच्या वकिलांनी कागद बघून हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. कागदात खोट नव्हतीच.

खोट होती ती जमीन आणि कागद जिथं जुळतात तिथं. सातबारा सांगतो की जमीन कुणाची आणि किती. ती शिवारात नेमकी कुठं आहे, हे सातबारा सांगत नाही, ते नकाशा सांगतो. आम्हाला फसवलं ते नकाशानं.

मध्यस्थाकडं गट नकाशाची एक झेरॉक्स होती, ए4 आकाराची. मधोमध आमचा गट, वर डांबरी रस्ता, मधून पाणंद, आणि खाली कोपऱ्यात ठळक लिहिलेलं: प्रमाण 1:5000. म्हणजे कागदावरचा 1 सेंटीमीटर जमिनीवरच्या 50 मीटरला. त्यानं स्वतः काही मोजून दाखवलं नाही. खिशातून पट्टी काढून माझ्या हातात दिली. "दाजी, माझ्यावर विश्वास नका ठेवू, तुम्हीच मोजा." मी रस्त्यापासून गटाच्या वरच्या धुऱ्यापर्यंत पट्टी लावली. 4.2 सेंटीमीटर भरले. 50 नं गुणलं, 210 मीटर. मग आम्ही रस्त्यावर जाऊन तिथून पाणंदीनं पावलं मोजत निघालो. माझं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं. 280 पावलांवर तो थांबला. उजव्या हाताला काळं रान, बांधावर कडुनिंब, नांगरट होऊन पडलेलं. 280 पावलं म्हणजे 210 मीटर. मी स्वतः मोजलं होतं, त्यामुळं मनात शंकेला जागाच उरली नाही. माणूस सांगतो त्यावर आपण शंका घेतो, आपल्या हातानं मोजलेल्यावर घेत नाही. त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

तो कागद मूळ नकाशाची झेरॉक्स नव्हता, झेरॉक्सची झेरॉक्स होता. ए3 चा कागद ए4 वर उतरवला की मशीन तो 71 टक्के करतं. असं दोनदा केलं की लांबी जवळपास निम्मी होते. चित्र निम्मं झालं, पण कोपऱ्यातला '1:5000' हा आकडा तसाच राहिला. अक्षर बारीक झालं तरी 5000 चे 2500 किंवा 10000 होत नाहीत. खरं तर तो नकाशा आता 1:10000 चा झाला होता, आणि मी त्याला 1:5000 चा हिशोब लावत होतो. आमचा गट रस्त्यापासून 420 मीटरवर आहे. 560 पावलं.

शाळेत भूगोलात तीन प्रकारची प्रमाणं शिकवतात: शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण. आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्यातलं रेषाप्रमाण म्हणजे नकाशाच्या तळाशी असलेली ती आखलेली पट्टी, 0, 100, 200 मीटर असे भाग पाडलेली. झेरॉक्स लहान करा, मोठी करा, ती पट्टी नकाशासोबतच लहानमोठी होते, म्हणून ती खोटं बोलत नाही. शब्दात किंवा आकड्यात लिहिलेलं प्रमाण मात्र कागदाचा आकार बदलला की त्याच क्षणी चुकतं. आमच्या झेरॉक्सवर रेषाप्रमाणाची पट्टी नव्हती. खालची कड कापलेली होती. उत्तर दिशेचा बाण नव्हता, आजूबाजूच्या गटांचे नंबरही नव्हते. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जुना नकाशा आहे, कडा फाटल्यात." ज्या खुणांवरून तो सापडला असता नेमक्या त्याच खुणा फाटल्या होत्या.

मोबाईलवर येणाऱ्या नकाशाचंही हेच आहे. स्क्रीनवर दोन बोटांनी मोठा केला की '1:5000' ला काही अर्थ उरत नाही. पीडीएफ छापताना प्रिंटर पानात बसवण्यासाठी नकाशा आपोआप लहान करतो, तो कुणी मुद्दाम करायचीही गरज नसते.

आता जे सांगतो ते मला तेव्हा सुचलं असतं तर दादांचे पैसे वाचले असते. त्याच कागदावर, त्याच पट्टीनं, मी गटाची लांबी-रुंदी मोजायला हवी होती. गट जवळजवळ चौकोनी आहे. झेरॉक्सवर प्रत्येक बाजू 0.9 सेंटीमीटर. 50 नं गुणलं तर 45 मीटर. 45 गुणिले 45 म्हणजे 2025 चौरस मीटर, म्हणजे 20 आर. अर्धा एकर! आणि सातबाऱ्यावर 81 आर. लांबी निम्मी झाली की क्षेत्रफळ पावपट होतं, हे लपवता येत नाही. अंतराची खातरजमा मी त्याच्याच कागदावरून केली, पण क्षेत्रफळ असं आहे की त्याचा दुसरा साक्षीदार सातबाऱ्यावर बसलेला असतो. दोन्ही जुळत नसतील तर कागद मापाचा नाही. हे करायला ना वकील लागतो ना मोजणी, शाळकरी पोराच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. गट वेडावाकडा असेल तर त्याचे अंदाजे चौकोन-त्रिकोण पाडा. थोडा फरक चालेल, पण पावपट किंवा निम्मं आलं तर इसार देऊ नका.

अजून एक गोष्ट सातबाऱ्यावरच होती. 81 आरपैकी 12 आर पोटखराबा. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जागा: नाला, खडक, घळ. मला दाखवलेलं रान या बांधापासून त्या बांधापर्यंत एकसारखं काळं होतं. त्यात 12 आर खराबा कुठं होता? मी विचारलंच नाही. खरेदीखतातली चतुःसीमासुद्धा खरी होती, त्यात दक्षिणेला नाला लिहिला होता. दाखवलेल्या रानाच्या दक्षिणेला कुणाची तरी तूर होती. दस्त वाचताना नाव आणि क्षेत्र बारकाईनं बघितलं आणि चतुःसीमा नुसती डोळ्यांखालून घातली. कागद हातात धरून रानाच्या चारही बाजूंना उभं राहून ती वाचायची असते.

माझा भाचा जलसंधारणाच्या कामांवर असतो. त्यानं नंतर त्याच्याकडची भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार आणि नाले दाखवणारा नकाशा, उलगडून दाखवली. लातूर, अंबाजोगाई हा भाग '56 बी' या शीटमध्ये येतो, आणि तिचे पुढं 1:50000 प्रमाणाचे 16 भाग पडतात. या प्रमाणात 1 सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, त्यामुळं आमचे 2 एकर त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढेही दिसत नाहीत. गटाची हद्द शोधायला ती शीट उपयोगाची नाही. पण जमिनीचा चढउतार ती लपवत नाही. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, दर 20 मीटर उंचीला असतात. रेषा लांब लांब असतील तर रान सपाट, जवळ आल्या तर उतार. भाच्यानं पट्टी ठेवली. रस्त्यापासून अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत एकही रेषा नाही, आणि त्यानंतर दोन रेषा अवघ्या 4 मिलिमीटरच्या अंतरानं. म्हणजे 200 मीटरमध्ये 20 मीटर उतार. त्याच्या खाली नाल्याची काळी रेघ. पावसाळ्यापुरतं वाहणारे कोरडे नाले या शीटवर निळे नसतात, काळे असतात. आपल्या मराठवाड्याच्या शीटा अशा काळ्या रेघांनी भरलेल्या आहेत. आमचं रान त्या दोन रेषांच्या मध्ये, बरड, मुरमाड. वरच्या धुऱ्यापासून खालच्या धुऱ्यापर्यंत सात-आठ मीटरचा उतार. पाऊस पडला की माती नाल्यात.

भाच्यानं एक खूण सांगितली, ती लिहून ठेवावी अशी आहे. 1:50000 च्या शीटवर एक किलोमीटरच्या चौकटी छापलेल्या असतात. त्या चौकटीची बाजू बरोबर 2 सेंटीमीटर भरली पाहिजे. कमी किंवा जास्त भरली तर समजायचं की प्रत लहान किंवा मोठी केलेली आहे. अख्खी शीट साधारण 55 सेंटीमीटर उंच असते, त्यामुळं ती ए4 कागदावर कुणी दाखवली तर ती मूळ मापाची असूच शकत नाही.

पोलिसांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पण विचारलं, "दस्तात लिहिलेली जमीन तुम्हाला मिळाली ना?" मिळाली. गट तोच, क्षेत्र तेच, मालक तोच. दुसरं रान दाखवलं याचा लेखी पुरावा काय? ती झेरॉक्स माझ्याकडं आहे, पण ती मध्यस्थानं दिली हे लिहिलेलं कुठंच नाही. विकणारे म्हातारे म्हणाले, "मी माझंच रान विकलं, तुम्हाला कुणी काय दाखवलं ते मला काय माहीत." त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या हाती एकरी 4 लाखाच्या हिशोबानंच पैसे पडले, असं ते शपथेवर सांगतात. मधले 14 लाख कुणाकडं गेले ते उघड आहे. तक्रार दिली आहे, वकील लावला आहे.

मोजणी दिवाळीनंतर झाली. ती आधीच करायची होती. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जमिनीच्या मालकाला करता येतो, म्हणून विकणाऱ्याला सांगायचं: आधी मोजणी, मग इसार. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, ते येतात, आणि दुसऱ्याचं रान दाखवण्याचा डाव तिथंच मोडतो. मध्यस्थ मला म्हणाला होता, मोजणीला महिने लागतात, दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन बसलंय. तो गट नकाशासुद्धा त्याच्याकडून घेऊ नका, कार्यालयातून शिक्क्याची प्रत स्वतः काढा. शासनाच्या भू-नकाशा संकेतस्थळावर गट आणि शेजारचे गट फुकट बघता येतात. आणि धुऱ्यावरच्या शेतकऱ्याशी मध्यस्थ सोबत नसताना बोला. त्या बटईवाल्याला मी एकदा जरी विचारलं असतं, तरी त्यानं त्याच मिनिटाला सांगितलं असतं.

मोजणीदारांनी खांब रोवले तेव्हा मी ती झेरॉक्स त्यांना दाखवली. त्यांनी ती त्यांच्या नकाशावर ठेवली, आमचा गट आमच्या गटावर. झेरॉक्सवरचा गट मूळ गटाच्या एका कोपऱ्यात बसला, चार खणांच्या कपाटात एक खण भरावा तसा. दादा तिथंच उभे होते. त्यांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि घडी करून खिशात ठेवला.

गेल्या महिन्यात बायकोच्या माहेरून फोन आला. केजकडच्या एका पोराला जमीन दाखवलीय, नकाशाचा कागद तसलाच, माणूस तोच. मी त्या पोराला फोनवर एवढंच विचारलं, खाली आखलेली पट्टी आहे का? नाही म्हणाला. मग म्हटलं, गटाची लांबी आणि रुंदी मोज, प्रमाणानं गुण आणि सातबाऱ्याशी लाव. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"मामा, निम्मंच भरतंय."

म्हणजे या वेळी एकदाच लहान केला होता. इसार दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. त्यानं दिला नाही.