जानापावला रेडिओ नेताना बॅटरी कोणती आणि चार्जर कोणता

इंदूरहून हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संच, घेऊन जानापावच्या डोंगरावर जायचे असेल, तर बॅटरी किती अँपिअर-अवरची, म्हणजे किती क्षमतेची, आहे हे विचारण्याआधी ती घरी कशावर चार्ज होणार, हे विचारावे.

हातात धरायच्या 5 वॅटच्या सेटबाबत निवडीला फारसा वाव नाही. त्याचा 7.4 व्होल्टचा लिथियम-आयन पॅक 8.4 व्होल्टपर्यंत भरतो आणि त्यासाठी सेटसोबत आलेला चार्जरच वापरावा.

खरा प्रश्न एचएफ सेटचा, म्हणजे दूरवर बोलण्यासाठीच्या शॉर्टवेव्ह सेटचा, आहे. यूपीएसमध्ये असते ती 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त असते, सहज मिळते आणि सुमारे 13.6 व्होल्टवर महिनोन्‌महिने चार्जरला जोडून ठेवली तरी चालते. मात्र तिचे वजन दोन किलोंहून अधिक असते आणि दरवेळी निम्म्याहून जास्त उपसल्यास ती लवकर खराब होते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलचा 12.8 व्होल्टचा पॅक तेवढ्याच क्षमतेला निम्म्याहून हलका असतो, जवळजवळ पूर्ण वापरता येतो आणि शेवटपर्यंत त्याचा व्होल्टेज फारसा उतरत नाही. त्याला 14.6 व्होल्टचा स्वतःचा चार्जर लागतो. घरातला लेड-ॲसिडचा चार्जर, विशेषतः सल्फेट काढण्यासाठी जास्त व्होल्टेजचे झटके देणारा, त्याला कधीही लावू नये.

साठवणीत दोघींची तऱ्हा उलटी आहे. लेड-ॲसिड भरूनच ठेवावी लागते, नाहीतर तिच्या प्लेटांवर सल्फेट जमते. लिथियम पॅक मात्र अर्धा भरलेला आणि थंड जागी ठेवावा. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा गाडीची डिकी ही त्याची जागा नव्हे. वर्षातून दोनदाच डोंगर चढणाऱ्याने यूपीएसची बॅटरी घ्यावी. दर महिन्याला जाणाऱ्याला, आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्याला, फॉस्फेट पॅकची जास्तीची किंमत परवडते.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. स्वस्त स्विचिंग चार्जर (आतला प्रवाह अतिवेगाने चालू-बंद करणारे) आणि काही एमपीपीटी सोलर कंट्रोलर (सौर पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारे) एचएफवर असा खरखराट करतात की क्षीण सिग्नल त्यात बुडून जातो. म्हणून दूरचे स्टेशन ऐकताना पॅनेलची जोडणी काढून केवळ बॅटरीवर ऐकावे आणि घरी चार्जिंग चालू असताना ऐकायचेच असेल, तर जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरचा जड पण शांत वीजपुरवठा ठेवावा. फॉस्फेट पॅकसाठी मात्र तो 14.6 व्होल्टच्या वर न जाणारा हवा.