नवजात बाळांसाठी घरगुती ग्लुकोमीटर: घ्यावा का?

मधुमेहींसाठी मेडिकलमध्ये मिळणारा ग्लुकोमीटर बऱ्याच लहान प्रसूतिगृहांत बाळांची साखर बघायलाही वापरतात. प्राथमिक तपासणीसाठी तो चालेल. पण त्याच्या भरवशावर रोगनिदान करू नये.

ग्लुकोमीटरच्या अचूकतेच्या आयएसओ १५१९७:२०१३ या मानकानुसार साखर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅम इकडे-तिकडे झालेलं चालतं. मोठ्या माणसाचे ९० चे ७८ दिसले तर बिघडत नाही. बाळाच्या बाबतीत साधारण ४५ च्या खाली धोका धरतात, आणि पडद्यावरचे ५० प्रत्यक्षात ३५ असू शकतात. शिवाय बाळाचं रक्त दाट. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ६० टक्क्यांच्या वर गेलं की बऱ्याच मीटरवर साखर खोटी कमी दिसते. म्हणून किंमत बघण्याआधी स्ट्रिपच्या माहितीपत्रकातली हिमॅटोक्रिटची मर्यादा वाचा. ती ५५ ला संपत असेल किंवा 'नवजातांसाठी' असा उल्लेख नसेल, तर बाळांच्या कक्षासाठी तो मीटर घेऊ नका.

मीटर चांगला असूनही आकडा चुकतो तो बहुतेक वेळा टोचताना. टाच कोमट कापडाने शेकून घ्या. टोचायचं ते टाचेच्या कडेला. मधोमध किंवा मागच्या बाजूला हाड जवळ असतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसा. टाच दाबून पिळली तर ऊतींतलं पाणी मिसळतं. आणि टोचणाऱ्याच्या हाताला डेक्स्ट्रोजचा (सलाईनमधल्या साखरेचा) अंश राहिला असेल तर आकडा खोटा वाढतो. हे सगळ्यात घातक, कारण मग उपचारच होत नाहीत.

आकडा कमी आला तर फ्लोराइडच्या नळीत नमुना लॅबला लगेच पाठवा. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात. पण रिपोर्टची वाट बघत बसू नका. बाळ थरथरत असेल, सुस्त असेल, झटके येत असतील तर डॉक्टरांच्या सूचनेनुसार १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिलि शिरेतून, मागोमाग मिनिटाला किलोमागे ६ मिलिग्रॅम ग्लुकोज जाईल अशी ड्रिप, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासणी.

खर्च मीटरचा नाही, स्ट्रिपचा असतो. पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात, म्हणून लहान डब्या घ्या आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहा.